हातभर अंतर

ओजस, पहिलं ते बघणं सोड,
डाव्या कोपऱ्यातली आकड्यांची यादी.
कुणी किती मारलं ते बॉस मेल्यावर कळतंच.
त्याचे पाय बघ.
एवढं मोठं धूड, सात शिंगं, तोंडातून जाळ,
पण वळायच्या आधी उजवी टाच उचलतं.
टाच उचलली की नाझिमा ढाल फिरवेल,
तेव्हा तू तिच्या बाजूला सापडू नकोस.
आपली जागा पाठीमागे,
शेपटीच्या किंचित डावीकडे.
लांबून बाण मारणाऱ्यांना सगळं मैदान दिसतं.
आपल्याला दिसते फक्त एक पोटरी.

थांब, माईक बंद करते. शेजारच्या गल्लीत हळद आहे.
घणसोली गावठाणात घरं अशी खेटून,
की त्यांचा डीजे आमच्या मांडणीवरची पातेली वाजवतो.

आता येतंय ऐकू?
हेरंब कळव्याहून विचारतोय, नवरा कुठला.
हेरंब, तू तुझ्या औषधाच्या बाटल्या मोज.

तर, खंजीर.
दोन लहान वार, मग तिसरा,
मग एक श्वास रिकामा.
रिकामा म्हणजे रिकामा. बोटं शिवशिवतील, शिवशिवू दे.
सगळी बटणं एकदम दाबणारा
पहिल्या मिनिटाला राजा असतो
आणि चौथ्या मिनिटाला जमिनीवर पडून
आमच्या वहाणा मोजतो.
मेलेल्याचं डॅमेज शून्य.
हे भिंतीवर लिहून ठेव.

मला कुणी शिकवलं?
खेळानेच. म्हणजे, या नाही.
तळवलीच्या मैदानात, बल्बांच्या माळेखाली
सात जणींच्या अंगणात एकटीने घुसायचं,
कबड्डी कबड्डी कबड्डी, एका दमात,
हात लावायचा आणि परत.
वैतीबाई म्हणायच्या, निघतानाच
परतीची वाट पायात घालून निघ.
जिल्ह्याच्या सामन्यात दोन गुण हातात होते,
मध्यरेषा दीड पावलावर.
मी तिसऱ्यासाठी वळले.
कोपऱ्यातल्या पोरीने घोटा धरला,
बाकीच्या वरून कोसळल्या,
आणि गुडघ्यातून आवाज आला,
सुका बोंबील मोडावा तसा.

आता रबाळ्याच्या कंपनीत आठ तास
स्टुलावर बसून सर्किटच्या पाट्या तपासते.
रात्री हे पाय मिळतात, न दुखणारे.
यांनासुद्धा मी जपूनच वापरते. सवय.

चला, दोन टक्के राहिले.
इथेच सगळ्यांना हाव सुटते, बघ.
पायाखालचं वर्तुळ लाल होत जातं
आणि वाटतं, अजून एक बसेल,
एकच,
निघ.
ओजस, निघ!

गेलास.
असू दे, पडल्या पडल्या बघत राहा.
त्याने मंत्र म्हणायला घेतलाय,
नाझिमाची ढाल फुटली, हेरंबच्या बाटल्या संपल्या.
माझा मोठा वार तयार आहे,
तीन मिनिटं जपलेला, तापलेला.
तो मारला तर यादीत मी पहिली
आणि बाकी सगळे राख.
मी लाथ मारते.
साधी लाथ. मंत्र तोंडातच तुटतो.
आकडा इतका लहान, की पडद्यावर नीट उमटतही नाही.

मग कुणाचा तरी बाण, लांबून,
आणि धूड आडवं.

यादीत मी पाचवी.
हेडफोनमध्ये नुसता कल्ला,
मुंब्र्यात नाझिमाचं बाळ उठलं बहुतेक,
ती हसतेय आणि त्याला थोपटतेय एकदमच.
हळदीचा डीजे कधी थांबला कळलं नाही.
आत आईचा आवाज:
आजून निजली नाय का गो?

निजते.
ओजस, ऊठ आता.
जमिनीवरून तरी दिसली का तुला
त्याची टाच?